मुरड्यावरचे पाणी

तान्हे मूल पाय पोटाशी घेऊन, मुठी आवळून रडू लागले की घरातील वडीलधारी बाई बहुधा एकच निदान करते : पोटात वात धरला आहे. या निदानाला देशकालाचे बंधन नाही; उपाय मात्र ज्याचे त्याचे निराळे. त्यांपैकी डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून दुकानात मिळणारे ‘ग्राइप वॉटर’ दीडशेहून अधिक वर्षे टिकून आहे. ‘ग्राइप’ म्हणजे मुरडा. तेव्हा हे अक्षरशः मुरड्यावरचे पाणीच होय.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील नॉटिंगहॅम हे शहर लेस विणण्याच्या धंद्यासाठी प्रसिद्ध होते. आया कामात गुंतलेल्या असत, आणि मूल शांत राहावे म्हणून त्याला ‘गॉडफ्रीज कॉर्डियल’ नावाचे अफूमिश्रित गोड औषध पाजण्याची चाल तेथे पडली होती. ही चाल मराठी माणसाला परकी वाटू नये. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बायकाही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुलाला अफूची बाळागोळी देऊन कामावर जात. दोन्ही शहरांत मुलाच्या गप्प राहण्यालाच त्याचे स्वास्थ्य मानले गेले. गुंगीतले मूल दूध मागत नसे, आणि कित्येकदा अफूची मात्रा प्राणावर बेतत असे.

याच नॉटिंगहॅममधील विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याने 1851 साली आपले औषध सिद्ध केले. त्याचे मूळ पोटदुखीत नव्हे, तर तापात होते. पूर्व इंग्लंडमधील ‘फेन्स’ नावाच्या दलदलीच्या प्रदेशात त्या काळी हिवतापाची साथ असे. त्या तापावर मुलांना जे औषध देत, त्याने त्यांच्या पोटालाही आराम पडतो असे दिसून आले, आणि त्यावरूनच वुडवर्डला आपली कृती सुचली. 1876 साली ‘ग्राइप वॉटर’ या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंद झाली. बाटलीवर दोन सर्पांना मुठीत आवळणारा बाल हर्क्युलिस झळकू लागला. कालियामर्दनाची कथा ऐकत वाढलेल्या भारतीय मातेला हे चित्र अपरिचित वाटण्याचे कारण नव्हते.

बाटलीत होते तरी काय? शेपूचे तेल, खाण्याचा सोडा, साखर, पाणी आणि मद्यार्क. अफू नव्हती, हा मोठाच लाभ. शेपू तर मराठी घराच्या ओळखीचा. त्याचेच बी बाळंतशेपा म्हणून बाळंतिणीला देतात. सहाणेवर वेढे देऊन उगाळलेल्या बाळघुटीतही वेखंड, सुंठ यांच्या जोडीला मुरडशेंग असतेच. म्हणूनच विलायती बाटली भारतातील घरांत इतक्या सहज रुळली.

परंतु मद्यार्काचे काय? मूळ कृतीत त्याचे प्रमाण शेकडा 3.6 असल्याची नोंद आहे. मोठ्या माणसाला ते क्षुल्लक वाटेल. पण दिवसातून अनेक वेळा औषध घेणाऱ्या, पाच-सहा शेर वजनाच्या जिवाला ते क्षुल्लक नव्हते. तरीही पिढ्यान् पिढ्या हे चालले, कारण आजीने आईला पाजले आणि आईने मुलीला. ब्रिटनमध्ये हा मद्यार्क काढला गेला तो 1992 साली, म्हणजे औषधाच्या जन्मानंतर 141 वर्षांनी.

मग गुण कशाने येत असे? गोडव्याने रडणारे अर्भक क्षणभर शांत होते, हे आता परीक्षणांनी दिसले आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, असे रडणे साधारणतः सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेस पोहोचते आणि तीन-चार महिन्यांत बहुधा आपोआप ओसरते. या अवधीत जे औषध हाती असेल, त्याच्या पदरी यश पडते. बाटलीने मिळविलेल्या लौकिकाचा मोठा वाटा अशा रीतीने काळाचाच होता.

जागतिक आरोग्य संघटनेने 2001 पासून पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, अशी शिफारस केली आहे. त्या दृष्टीने परक्या बाटलीइतकीच घरची सहाणही तपासून पाहिली पाहिजे. ताप, उलटी, फुगलेले पोट किंवा दूध नाकारणे ही लक्षणे दिसली, तर रडणाऱ्या मुलाला शांत करणे पुरेसे नाही. त्याला तत्काळ डॉक्टरकडे नेले पाहिजे. मुलाला रडण्यावाचून दुसरी भाषा नसते. ती बंद करण्याच्या घाईत तिचा अर्थ हरवतो, हेच नॉटिंगहॅमच्या आणि मुंबईच्या अफूने शिकविले.