मांडवीचे दोन सेतू

पणजीहून रायबंदरास जाणारा पांथस्थ ज्या दगडी सेतूवरून जातो, त्याला आता जवळजवळ चार शतके होत आली. पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द लिन्यारिस याच्या अमदानीत, १६३३-३४ च्या सुमारास, खाजणे व मिठागरे यांच्या कडेने सुमारे तीन किलोमीटर लांबीचा हा सेतू चिऱ्यांनी बांधण्यात आला. भरतीचे खारे पाणी त्याच्या अंगास आजही लागते, आणि वरून वाहनेही धावतात.

गोवा मुक्त झाल्यावर याच मांडवीवर पणजी व बार्देश यांस जोडणारा काँक्रीटचा पूल १९७० साली पुरा झाला. ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला. अवघी सोळा वर्षे! राजधानीत येणाऱ्या उत्तरेकडील लोकांस पुन्हा फेरीबोटीचा आश्रय करावा लागला.

यावरून 'जुने ते सोने' असा निकाल देण्याची घाई आम्ही करणार नाही. चिऱ्याची कमान दाब सहन करते, ताण नव्हे. म्हणून जहाजांना वाट देणारा लांब गाळा तिच्याने होत नाही. तो गाळा काँक्रीटने साधतो, पण पोटात पोलाद घेऊन. आणि मिठाचे वैर आहे ते मुख्यत्वे या पोलादाशी.

चांगले काँक्रीट मूळचे अल्कधर्मी असते. त्यामुळे सळईवर एक सूक्ष्म संरक्षक कवच धरते. मिठातील क्लोराइड काँक्रीटच्या छिद्रांतून हळूहळू आत झिरपते व ते कवच भेदते. मग ओल आणि हवा मिळताच गंज चढतो. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो; तो आतून रेटा देतो, काँक्रीट तडकते, पोपडे सुटतात. म्हणूनच सदैव पाण्याखाली असलेल्या भागापेक्षा भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील भाग अधिक झिजतो. मांडवीच्या पुलात तर ताणून बसविलेल्या पोलादी तारा होत्या. अशा बारीक तारा गंजल्या, की बाहेर विशेष चिन्ह न दिसता तुटू शकतात. त्या पुलाचा घात या गंजानेच केला.

आमच्या देवस्थानांना हा प्रश्न परका नाही. किनाऱ्याजवळच्या अनेक मंदिरांत चिरा व चुना यांच्या जुन्या बांधकामाला जोडून काँक्रीटचे सभामंडप, शिखरे व अग्रशाळा उभ्या राहिल्या आहेत. खाडीची न धुतलेली वाळू किंवा विहिरीचे मचूळ पाणी त्यांत वापरले, तर शत्रू पहिल्याच दिवशी घरात घेतल्यासारखे होते. भारतीय मानकाने किनारी हवेसाठी सळईवर किमान ४५ मिलिमीटर, समुद्राचे तुषार लागतात तेथे ५० आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ७५ मिलिमीटर आच्छादन सांगितले आहे. घट्ट काँक्रीट, गोड्या पाण्याची पुरेशी शिंपण आणि वेळोवेळी तपासणी, एवढी पथ्ये पाळणे कोणत्याही समितीस अशक्य नाही.

मांडवीवर पुढे नवे पूल झाले. २०१९ साली अटल सेतूही खुला झाला. तेही त्याच खाऱ्या वाऱ्यात उभे आहेत. जीर्णोद्धाराचा संकल्प सोडताना आमच्या महाजनांनी कळसाच्या सोन्याइतकीच सळईवरील दोन बोटे काँक्रीटचीही चौकशी करावी, एवढीच आमची विनंती आहे.