काटकसर गँगमनपासून सुरू होते

आळेफाट्याला रेल्वे नाही. पुणे-नाशिक रस्ता आणि कल्याण-नगर रस्ता इथं एकमेकांना छेदून जातात. रात्री दोन वाजताही टपरीवर चहा उकळत असतो, कांद्याचे ट्रक उभे असतात, एस.टी.त माणसं डुलक्या खात असतात. पण रुळाचा एक तुकडा नाही. निवडणूक आली की माळशेजची रेल्वे येते, निवडणूक गेली की रेल्वे जाते. पुणे-नाशिक रेल्वेचं तेच. मार्ग कुठून न्यायचा, खोडदच्या दुर्बिणीला त्रास होईल का, यावर मोठ्या लोकांचं बोलणं चालू असतं.

मग आळेफाट्याच्या पोरांनी रेल्वेचा इतिहास कशाला वाचायचा?

कारण रेल्वे इथं आली नाही, पण इथली माणसं रेल्वेकडे गेली. मेलेलं ढोर ओढा, सांगावा पोचवा, वेशीत जोहार घालत उभे राहा, ही गावकी टाकून महारवाड्यातला माणूस माळशेज उतरला आणि मुरबाड, कल्याणच्या वाटेला लागला. कुणी गोदीत गेला, कुणी गिरणीत, कुणी लष्करात, कुणी लाईनीवर. लाईनीवर गेला तो बहुतेक वेळा सर्वांत खालच्या दारातून आत शिरला. त्या दाराचं नाव गँग.

आमच्या वस्तीत असा एक म्हातारा होता. सगळी हयात खडी ठोकण्यात गेली. तो सांगायचा, "रूळ उन्हात फुगतो, थंडीत आकसतो. साहेबाचं पोट बारमाही फुगतं." आम्ही हसायचो. पुढं वाचायला लागलो तेव्हा कळलं, म्हाताऱ्यानं रेल्वेचा सव्वाशे वर्षांचा हिशेब दोन वाक्यांत सांगितला होता. तोच हिशेब आज जरा फोडून मांडायचा आहे.

मुळापासून बघू. १८४९ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला म्हणजे जी.आय.पी. रेल्वे कंपनीशी करार झाला. जमीन फुकट. वर भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी. कंपनीला नफा झाला नाही तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायची. तिजोरीत पैसा कुठला? शेतसाऱ्याचा आणि मिठावरच्या कराचा. म्हणजे ज्याच्या भाकरीवर मिठाखेरीज दुसरं काही नाही, त्यानं लंडनच्या भागधारकाचं व्याज भरायचं. हमी पक्की असल्यावर हात आखडता कोण घेणार? व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अर्थखातं सांभाळलेल्या मॅसी यांनी १८७२ साली विलायतेत साक्ष देताना हेच कबूल केलं. पैसा हुगळीत फेकला काय नि दगडविटांत घातला काय, पाच टक्के मिळणाऱ्या भांडवलदाराला त्यात फरक नव्हता.

हे वरचं टोक. आता खालचं टोक बघा. बोरघाटाचं काम १८५६ साली सुरू झालं आणि १८६३ साली संपलं. ऐन भरात ४० हजारांवर माणसं डोंगर फोडत होती. पटकीनं, तापानं, सुरुंगानं, दरडीखाली हजारो मेले. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकली म्हणून घाटात दंगा झाला. ठेकेदार होता फॅव्हिएल. त्याचा ठेका गेला. मग आला ट्रेडवेल, तो त्याच वर्षी आल्या आल्या मेला, आणि त्याच्या बायकोनं काम पुरं करून घेतलं. ठेकेदारांची नावं पुस्तकांत आहेत, ठेकेदाराच्या बायकोचंही आहे. बोगद्यात गाडल्या गेलेल्या एकाही मजुराचं नाव आपल्याला पाठ नाही. आळ्याला रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी वेद बोलवला तो रेडा. जनावराला समाधी मिळाली, चांगलं झालं. पण डोंगर फोडणाऱ्या माणसाची साधी खूण नाही, हे ध्यानात असू द्या.

तेव्हापासून रेल्वेची रीत ठरली ती अशी. भांडवलाला हमी आहे, मजुरीला नाही. वरच्याचा खर्च ही गरज, खालच्याची मजुरी हा बोजा.

सरकारनं जी.आय.पी. १९०० साली विकत घेतली, तरी कारभार १९२५ पर्यंत कंपनीकडेच राहिला. १९२४ साली ली कमिशननं शिफारशी केल्या. गोऱ्या वरिष्ठ नोकरांना परदेश भत्ता, बायकामुलांसह विलायतेला जायचं-यायचं भाडं. हे लाभ रेल्वेच्या वरिष्ठ साहेबांपर्यंतही पोचले. साहेब फिरतीवर निघाला की त्याचं सलून गाडीला जोडायचं. सलून म्हणजे रुळांवरचा बंगला. झोपायची खोली, न्हाणीघर, स्वयंपाकघर, खानसामा.

मग १९२९ ची जागतिक मंदी आली. मालवाहतूक आटली, उत्पन्न घसरलं. काटकसर करा असा हुकूम निघाला. सलून सुटली नाहीत, माणसं सुटली. १९३१ साली हिंदुस्थानभर रेल्वेतून हजारो कामगार कमी केले. 'कमी केले' हा शब्द किती सोज्वळ आहे बघा! आमटीत मीठ कमी करावं तसं. कामगार फेडरेशननं संपाचा इशारा दिला तेव्हा कुठं सरकारनं चौकशी-न्यायालय नेमलं. त्याच्या आधी, १९३० च्या फेब्रुवारीत, जी.आय.पी. कामगारांनी मोठा संप केला होता. तो मोडला आणि कित्येकांना परत कामावर घेतलं नाही.

इथपर्यंतचा इतिहास लाल झेंड्याचे मित्रही सांगतात. पण ते इथंच थांबतात. आपल्याला इथं थांबून चालत नाही. कारण पुढचा प्रश्न असा : जो सर्वांत आधी कमी होतो, तो सर्वांत खाली का असतो? आणि सर्वांत खाली कोण असतो?

हा प्रश्न जाहीर सभेत विचारला बाबासाहेबांनी. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष स्वतः बाबासाहेब. तिथं त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. हे वाक्य आपल्याला भिंतीवर लिहून पाठ झालंय. पण त्याच भाषणातला रेल्वेचा तपशील किती जणांनी वाचलाय?

त्यांनी दाखवलं की अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच आयुष्य काढतो. बढतीची वाट बंद. का? गँगमन ऊन-पावसात लाईनीवर, त्याच्यापेक्षा जरा सावलीतली जागा पोर्टरची. पण पोर्टर स्टेशनमास्तरच्या घरी पाणी भरतो, घरकाम करतो. स्टेशनमास्तर सवर्ण. त्याला घरात अस्पृश्य कसा चालेल? म्हणून अस्पृश्याला पोर्टरची जागा नाही. कारकुनाच्या जागा वशिल्यानं भरल्या जातात, म्हणून तिथंही तो नाही. वर्कशॉपात त्यानं कितीही घाम गाळला तरी फोरमनच्या जागेवर तो दिसत नाही.

दोस्तांनो, हा तपशील पुन्हा एकदा वाचा. यात दोन चोऱ्या आहेत. एक, सरकारी पगारावरचा माणूस साहेबाच्या घरी राबवायचा. साहेबाचा घरखर्च रेल्वेच्या वहीत घालायचा. दोन, त्या बेकायदा चाकरीला विटाळ लागू नये म्हणून अस्पृश्याची कायदेशीर बढती अडवायची. पहिली चोरी भांडवलशाहीची म्हणा, सत्तेची म्हणा. दुसरी जातीची. दोन्ही एकाच वहीत, एकाच शाईनं. बाबासाहेब दोन शत्रू म्हणाले ते हवेतून नाही. ते हजेरीपट वाचून म्हणाले.

म्हणून काय बाबासाहेबांनी इतर कामगारांशी फारकत घेतली? नाही. १९३६ ला त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. मनमाडनंतर नऊच महिन्यांत, ७ नोव्हेंबर १९३८ ला, संपाचा हक्क आवळणाऱ्या औद्योगिक कलह बिलाविरुद्ध त्यांचा पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संपात उतरला. जातीचा प्रश्न गिळून नाही, मांडून उतरला. हा फरक कार्यकर्त्यानं विसरू नये.

अमेरिकेत हेच घडलं होतं. तिथं जॉर्ज पुलमनचा रेल्वेडबे बांधायचा कारखाना होता. १८९३ च्या मंदीत त्यानं माणसं काढली, मजुरी सुमारे पावपट कापली. पण आपल्या मालकीच्या वसाहतीतलं घरभाडं कापलं नाही, आणि भागधारकांचा लाभांश ठरल्याप्रमाणे दिला. १८९४ ला संप पेटला. युजीन डेब्ज यांची रेल्वे युनियन मदतीला आली. पण त्याच युनियनच्या अधिवेशनात काळ्या कामगारांना सभासद करायचं नाही असं थोड्या मतांनी ठरलं. डेब्ज स्वतः त्यांना घ्या म्हणत होते, ऐकलं नाही. सरकारनं सैन्य घालून संप चिरडला. पुढं पुलमनच्या झोपायच्या डब्यांत राबणाऱ्या काळ्या पोर्टरांनी १९२५ साली फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढारीपणाखाली स्वतःची युनियन काढली. गोरे प्रवासी प्रत्येक पोर्टरला 'जॉर्ज'च म्हणायचे, मालकाच्या नावानं, गुलामाला म्हणायचे तसं. बारा वर्षं झुंजून १९३७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी कंपनीला करारावर सही करायला लावली. मनमाडची परिषद त्यानंतर अर्ध्या वर्षानं. काळ्या पँथरांचं नाव आपल्याकडं १९७२ ला आलं, पण दुखणं आधीपासून एकच होतं.

तिथली गोष्ट संपलेली नाही. २०१७ साली सी.एस.एक्स. या रेल्वे कंपनीनं नवा मुख्य साहेब आणला. जुनी नोकरी सोडताना त्याचं जे बुडालं त्याच्या भरपाईला ८ कोटी ४० लाख डॉलर मोजले. त्याचं कसब काय? थोड्या माणसांत लांब गाड्या चालवणं. अमेरिकेच्या मोठ्या रेल्वे कंपन्यांनी सहा वर्षांत ४५ हजार माणसं कमी केली, हे तिथल्या नियामक मंडळाच्या अध्यक्षांनीच २०२२ साली सांगितलं. आणि त्याच वर्षी उरलेले कामगार पगारी आजारी रजा मागत होते, ती मिळाली नाही.

आता आपल्याकडं या. स्वातंत्र्य आलं, रेल्वे आपली झाली. ८ मे १९७४ ला देशभर संप झाला. जवळपास १७ लाख कामगार असलेली रेल्वे, पुढारी जॉर्ज फर्नांडिस. वीस दिवसांत सरकारनं तो मोडला. हजारोंना अटक, हजारो बडतर्फ, क्वार्टरमधून बायकापोरं बाहेर. १९७७ ला सरकार बदललं तेव्हा काढलेल्यांना परत घेतलं. पण ज्याची नोकरी मुळात नोकरीच नव्हती त्या कॅज्युअल मजुराचं काय? वर्षानुवर्षं प्रोजेक्टवर राबवायचं आणि काम संपलं की जा म्हणायचं. १९८५ साली इंदरपाल यादव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं रेल्वेला खडसावलं, तेव्हा त्यांना कायम करायची योजना अमलात आली. तोवर कित्येकांची कंबर मोडली होती.

आणि साहेबाच्या घरचं पाणी? ते आटलं असेल असं वाटतं ना? २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात रेल्वे मंत्रालयानं हुकूम काढला. साहेबांनी घरी कामाला ठेवलेले ट्रॅकमन लाईनीवर परत पाठवा, पुष्पगुच्छ नि भेटी बंद करा, सलून सोडून साध्या डब्यातून फिरा. बोर्डाचे अध्यक्ष आले की जनरल मॅनेजरनं विमानतळावर हजर राहायचं, ही १९८१ पासूनची रीतही तेव्हाच मोडली. वर्तमानपत्रांनी तेव्हा दिलेला आकडा होता सुमारे ३० हजार. रुळाची राखण करायची ती ३० हजार माणसं बंगल्यांत भाजी आणत होती, कुत्री फिरवत होती! मनमाडला बाबासाहेब बोलले त्याला तेव्हा एकोणऐंशी वर्षं झाली होती. बंगल्यावरचा खलाशी नेमायची रीत तर २०२० च्या ऑगस्टपर्यंत चालली, तेव्हा नव्या नेमणुका थांबवल्या.

त्याच २०२० च्या २ जुलैला दुसरा कागद निघाला. नव्या जागा निर्माण करू नका, सुरक्षेच्या सोडून ज्या रिकाम्या आहेत त्यांतल्या निम्म्या रद्द करा. १९९०-९१ ला रेल्वेत साडेसोळा लाख माणसं होती. २०२३ पर्यंत ती १२ लाखांच्या आसपास आली. कुणाला घरी बसवलं म्हणून बोंब नाही, मोर्चा नाही. माणूस निवृत्त झाला, जागा त्याच्याबरोबर पुरली. सफाई ठेकेदाराकडे, खानपान ठेकेदाराकडे, लाईनीवरची कितीतरी कामं ठेकेदाराकडे.

ही आजची छाटणी आहे. ती ओळखायला शिका. १९४३ साली बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना केंद्राच्या नोकऱ्यांत आपल्यासाठी ८ १/३ टक्के जागा मिळवल्या. ती टक्केवारी पुढं वाढली. पण टक्का जागेवर बसतो, ठेक्यावर बसत नाही. जागाच गेली की टक्का कुणाचा काढणार? आरक्षणाला हात न लावता आरक्षण संपवायची ही युक्ती आहे. आणि झाडू? तो ठेक्यातही आपल्याच हातात राहतो. तिथं मात्र पाचशे वर्षांचं आरक्षण कुणी रद्द करत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना तीन कामं सांगतो. वस्तीवस्तीत लाईनीवर गेलेल्या माणसांना शोधा, त्यांचं सांगणं उतरवून ठेवा. ते गेले की हजेरीपट गेला. दुसरं, जागा रद्द झाल्याचा कागद दिसला की विचारा, यात राखीव किती होत्या? माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, वापरा. तिसरं, युनियनमध्ये जा, बाहेर राहून कुढू नका. पण आत गेल्यावर मनमाडचा प्रश्न घेऊन जा. ठेक्यावरचा सफाईवाला आपल्या युनियनचा सभासद आहे का, हे पहिल्या बैठकीत विचारा.

उद्या रेल्वे या बाजूनं येईल, न येईल. आली तर स्टेशनचं उद्घाटन बघायला गर्दी होईल, हार पडतील. आपण गर्दीत उभं राहून टाळ्या वाजवायच्या नाहीत. आपण लाईनीच्या कडेनं थोडं पुढं चालत जायचं. जिथं खडी ठोकणं चालू असेल तिथं थांबायचं आणि विचारायचं, "बाबा, तुझं नाव कुणाच्या हजेरीपटावर आहे? रेल्वेच्या की ठेकेदाराच्या?"

जयभीम.