'इंटिरियर'च्या गठ्ठ्यातलं पुस्तक

मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकणारे लोक चित्रं बघून पुस्तकांचे गठ्ठे लावतात, असं माझं मत आहे. सोफे, पडदे आणि दिवाणखान्यांच्या पुस्तकांत मला यशोधरा दालमियांचं 'द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज' सापडलं. ललित कला अकादमीने १९८८ साली काढलेलं. जव्हारला नोकरीत असताना ते चार दिवस माझ्याकडे होतं, तेव्हा डिक्शनरी घेऊन जमेल तेवढं वाचलं होतं. या प्रतीत आधीच्या मालकाने लग्नचौकाच्या चित्राशेजारी पेन्सिलीने लिहिलंय, "हॉलसाठी".

तसा दुकानदार काही चुकला नव्हता. वारली चित्र मुळात घराच्या आतल्याच भिंतीचं. जव्हार-मोखाड्याकडची जुनी घरं कुडाची. कारवीच्या काठ्या उभ्या करायच्या, त्यावर माती-शेणाचा लेप. लग्न ठरलं की आतली भिंत गेरूने सारवायची आणि सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने चौक काढायचा. कुंचला म्हणजे टोक ठेचलेली काडी. चौकात पालघाट देवी, शेजारच्या छोट्या देवचौकात पांचशिऱ्या. धवलेरी गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे ही सजावट नव्हेच, तो विधी आहे, आणि तो बायकांच्या हातात आहे.

मग १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार डहाणू भागात कागद घेऊन आले. (हेच कुलकर्णी १९६६च्या दुष्काळात बिहारमध्ये मधुबनीला गेले होते. तिथेही बायका लग्नघराच्या भिंती रंगवीत, त्यांनाही कागद दिला.) मधुबनीच्या बायकांनी कागद घेतला आणि त्यांची नावं झाली. जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री, सीता देवींना १९८१ साली. आपल्याकडे मात्र नाव झालं ते गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांचं. १९७६चा राष्ट्रीय पुरस्कार, २०११ची पद्मश्री. २०१८ साली ते गेले. थोर कलावंत, याबद्दल वाद नाही. विधी नसतानाही रोज चित्र काढणारा हा पुरुष. त्यांच्यामुळे चित्रात शेत, मासेमारी, सगळा संसार मोकळेपणाने आला. पण ज्या सवाशिणींच्या हातात चौक होता, त्यातल्या एकीचं तरी नाव तुम्हाला सांगता येईल का?

मला वाटतं याचं कारण त्या चौकातच आहे. लग्नापुरतं काढायचं, मग चुलीच्या धुराने काळं होऊ द्यायचं, पुढच्या लग्नाला पुन्हा सारवायचं. ज्या चित्राखाली सही करायची पद्धतच नाही, त्याला बक्षीस कोणाच्या नावाने देणार? कागदाला सही लागते, किंमत लागते. २०१४ साली वारली चित्राला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याच वर्षी ठाण्यातून आमचा पालघर जिल्हा वेगळा झाला. आता ही चित्रं चादरींवर, कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर दिसतात.

आणि पाड्यांवर कुडाच्या जागी सिमेंटची घरकुलं आली. पावसाळ्यात गळत नाहीत, त्यांना नावं ठेवणारा मी कोण! मोखाड्याकडे एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. गुळगुळीत ऑइलपेंटवर गेरू धरेना, म्हणून बायकांनी भिंतीचा तेवढा भाग विळ्याने खरवडला, शेणमातीने लिंपला आणि मग चौकाला बसल्या. त्या जागेवर टीव्ही होता. तो उचलून शेजारच्या घरात ठेवला.