सोम्पो कलासंग्रहालय, टोकिओ

जपानमधील टोकिओ येथील एक प्रसिद्ध कलासंग्रहालय. शहराच्या शिंजुकू या व्यापारी भागात यासुदा अग्नी व सागरी विमा कंपनीने ते १९७६ मध्ये स्थापन केले. कंपनीच्या सु. २०० मी. उंचीच्या मुख्य कार्यालयातील बेचाळिसाव्या मजल्यावर त्याची दालने होती. ‘तोगो सेइजी कलासंग्रहालय’ हे त्याचे मूळ नाव.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये कलासंग्रहालये उभारण्यात शासनाइतकाच खाजगी उद्योगांचाही वाटा आहे. टायरनिर्मात्या उद्योगसमूहाचे ब्रिजस्टोन (१९५२), मद्योत्पादकांचे सनटोरी (१९६१) व तेलव्यवसायातील इदेमित्सू (१९६६) ही टोकिओतील संग्रहालये या परंपरेतील होत. मोठ्या विक्रीभांडारांतूनही चित्रप्रदर्शने भरत असल्याने व्यापारी वास्तूत जाऊन कलाकृती पाहणे तेथील नागरिकांना अपरिचित नव्हते. कंपन्यांना त्यातून प्रतिष्ठा लाभते, हे उघड आहे. तथापि अनेक मौलिक कलाकृती त्यामुळेच सर्वसामान्य प्रेक्षकांना पाहावयास मिळाल्या, हेही तितकेच खरे.

तोगो सेइजी (१८९७–१९७८) हा कागोशिमा प्रांतात जन्मलेला चित्रकार. १९२१ ते १९२८ या काळात तो फ्रान्समध्ये होता. आरंभी नवप्रवाही शैलीत काम करणारा हा कलावंत पुढे मृदू रंगांतील, गुळगुळीत पृष्ठांच्या स्वप्नाळू स्त्रीप्रतिमांसाठी लोकप्रिय झाला. विमाकंपनीच्या प्रसिद्धिसाहित्यासाठी त्याची चित्रे वापरली जात. या संबंधातूनच त्याने आपल्या कलाकृती व संग्रह कंपनीस दिले आणि संग्रहालयाचा पाया घातला गेला. त्याच्या उत्तरकालीन चित्रांत तोचतोपणा जाणवतो. परंतु एका चित्रकाराची वाटचाल एकत्रित पाहण्याची सोय येथे झाली.

संग्रहालयाला जागतिक ख्याती मिळाली ती मात्र व्हिन्सेंट व्हान गॉख (१८५३–९०) याच्या सूर्यफुले या चित्रामुळे. ३० मार्च १९८७ रोजी, म्हणजे व्हान गॉखच्या जन्मदिनीच, लंडन येथील क्रिस्टीजच्या लिलावात यासुदा कंपनीने हे चित्र २ कोटी ४७ लक्ष ५० हजार पौंडांस घेतले. चित्राला लिलावात मिळालेल्या तोपर्यंतच्या सर्वोच्च किंमतीच्या सु. तिप्पट अशी ही रक्कम होती. कंपनीच्या शताब्दीनिमित्त ही खरेदी झाली. वधारलेले येन आणि जमिनीच्या व समभागांच्या फुगलेल्या किंमती यांमुळे त्या काळी जपानी खरेदीदार पाश्चात्त्य चित्रांवर अमाप पैसा खर्च करीत. या खरेदीवर उधळपट्टीची टीका झाली. जपानी रसिकांच्या लेखी मात्र तिला आणखी एक अर्थ होता : याच मालिकेतील एक चित्र १९२० मध्ये जपानमध्ये आले होते व १९४५ च्या बाँबवर्षावात कोबेनजीक जळून गेले होते.

पुढे १९९० नंतरच्या दशकात या चित्राच्या अस्सलपणाविषयीच शंका उपस्थित झाल्या. ऑगस्ट १८८८ मधील, सध्या लंडन येथे असलेल्या चित्राची ही आवृत्ती आहे. व्हान गॉखच्या पत्रांत तिचा स्पष्ट निर्देश नाही आणि ती एके काळी क्लोद-एमील शुफनेकेर या चित्रकाराच्या ताब्यात होती. म्हणून हे चित्र त्यानेच केलेले अनुकरण असावे, असा तर्क मांडला गेला. ॲम्स्टरडॅम व शिकागो येथील संग्रहालयांच्या संशोधकांनी केलेल्या परीक्षणात वेगळा पुरावा पुढे आला. पॉल गोगँने आर्ल येथे आल्यावर जाड तागाचे कापड घेतले होते व त्या दोघांनीही ते वापरले. प्रस्तुत चित्र त्याच कापडावर आहे. यावरून ते १८८८ च्या अखेरीस आर्ल येथेच रंगविले गेले, असे आता सामान्यतः मानले जाते. ॲम्स्टरडॅमच्या व्हान गॉख संग्रहालयाची १९९९ मध्ये खुली झालेली नवी वास्तू याच विमाकंपनीच्या देणगीतून उभी राहिल्याने निर्णयाच्या निःपक्षपातीपणाविषयी कुजबुज झाली; परंतु कापडाच्या धाग्यांचा पुरावा देणगीवर अवलंबून नव्हता.

संग्रहात पॉल सेझानचे सफरचंदांचे स्थिरचित्र, गोगँचे आर्ल येथील निसर्गदृश्य तसेच ग्रँडमा मोझेस या अमेरिकन चित्रकर्त्रीची चित्रे आहेत. नवोदित चित्रकारांसाठी ‘फेस’ ही खुली स्पर्धाही घेतली जाते.

कंपनीच्या विलीनीकरणांबरोबर २००२ व २०१४ मध्ये संग्रहालयाचे नाव बदलले. २०२० मध्ये शेजारीच सहा मजली स्वतंत्र वास्तू खुली झाली व ‘सोम्पो कलासंग्रहालय’ हे नाव रूढ झाले. संस्थापकाच्या चित्रांवर उभ्या राहिलेल्या संग्रहालयाच्या नावातून त्याचे नाव गळाले, ही बाब खटकते. तथापि आश्रयदात्या उद्योगाच्या अडचणींमुळे टोकिओतील सेझोन संग्रहालय १९९९ मध्ये बंद पडले, हे ध्यानी घेता येथील सातत्य उल्लेखनीय म्हणावे लागेल.

सूर्यफुले या चित्राच्या स्वामित्वाविषयीही वाद झाला. बर्लिनचा ज्यू वंशाचा बँकव्यावसायिक पॉल फोन मेंडेल्सझोन-बार्टोल्डी याने १९३४ मध्ये ते नाझींच्या दडपणाखाली विकले, असा दावा करून त्याच्या वारसांनी २०२२ मध्ये अमेरिकेत सोम्पो कंपनीविरुद्ध खटला भरला. चित्र २००१ मध्ये शिकागो येथे प्रदर्शित झाले होते, म्हणून तो इलिनॉय राज्यातील संघीय न्यायालयात दाखल करण्यात आला. कंपनीने दावा नाकारला. अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर २०२४ मध्ये त्या न्यायालयाने तो फेटाळला. १९३४ ची विक्री स्वेच्छेची होती की दडपणाची, याचा निवाडा त्यात झाला नाही.