मारची गादी आणि तिचे दोन धनी

स्कॉटलंडच्या उमरावांच्या यादीत ‘मार’ हे नाव दोनदा येतं. एकीकडे मारच्या एकतिसाव्या काउंटेस मार्गारेट. शेळ्या पाळून त्यांच्या दुधाचं चीज करणाऱ्या या बाई लॉर्ड्स सभागृहात पंचेचाळीस वर्षं बसल्या. दुसरीकडे मार आणि केलीचे अर्ल जेम्स अर्स्किन. १९९० च्या दशकात दोघं एकाच सभागृहात होते, आणि दोघांचीही पदवी कायद्याने अस्सल होती. एका गावच्या पाटीलकीवर दोन भाऊबंदांनी हक्क सांगावा, यात आपल्याला नवल नाही. पण सरकारने दोघांना निम्मी-निम्मी न देता अख्खी-अख्खी पाटीलकी द्यावी, हे मात्र ऐकलेलं नसतं. हे घडलं कसं, ते सांगायचं तर सहाशे वर्षं मागे जावं लागतं, आणि मुळाशी जायचं तर हजार.

मार हा ईशान्य स्कॉटलंडमधला, डी आणि डॉन या दोन नद्यांच्या काठचा मुलूख. तिथल्या सत्ताधीशाला जुन्या गेलिक भाषेत ‘मोरमेर’ म्हणत. १०१४ मध्ये आयर्लंडमधल्या क्लॉनटार्फच्या लढाईत मारचा एक मोरमेर, डोव्हनल, मारला गेल्याची नोंद आहे. पुढे याच मोरमेरांना अर्ल म्हणू लागले. म्हणजे मारच्या अर्लपदाची सनद कुण्या राजाने अमुक दिवशी लिहून दिली, असं झालेलंच नाही. स्कॉटलंडचं राज्य नीट उभं राहत होतं त्या काळातही मारचे धनी होतेच. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण एकोणिसाव्या शतकात वकिलांनी सगळा खेळ याच न लिहिलेल्या सनदेवर केला.

घराणं मोठं होतं. रॉबर्ट ब्रूसची पहिली बायको इझाबेला मारचीच लेक. तिची मुलगी मार्जरी स्ट्युअर्ट राजवंशाची मूळ आई ठरली. पण चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात अर्ल टॉमस निपुत्रिक वारला आणि गादी बहिणीकडे, मार्गारेटकडे गेली. तिचा मुलगा जेम्स डग्लस १३८८ मध्ये ऑटरबर्नच्या लढाईत पडला. मग मार आलं त्याच्या बहिणीकडे, इझाबेला डग्लसकडे. बहिणीकडून लेकीकडे गादी गेली, तरी त्या काळी कुणी हरकत घेतल्याचं दिसत नाही. मारमध्ये बाईने वारसा चालवणं ही रीतच होती.

इझाबेलाचा नवरा सर माल्कम ड्रमंड १४०२ मध्ये कैदेत मेला. विधवा, मूलबाळ नाही, आणि हाती किल्ड्रमीचा भक्कम किल्ला. अशा बाईवर डोळा ठेवणारे तेव्हाही कमी नव्हते. १४०४ च्या उन्हाळ्यात अलेक्झांडर स्ट्युअर्टने किल्ला बळाने घेतला. हा राजघराण्यातला, पण अनौरस. त्याचा बाप ‘बॅडनॉखचा लांडगा’ म्हणून बदनाम. १३९० मध्ये एल्गिनचं कॅथेड्रल त्याने जाळलं होतं. १२ ऑगस्टला इझाबेलाकडून सनद लिहून घेण्यात आली : आपलं लग्न होईल, आणि मूल झालं नाही तर मार अलेक्झांडरच्या वारसांकडे जाईल. राजाने या सनदेवर मोहोर उठवली नाही. धाकदपटशाने घेतलेला कागद टिकणार नाही, हे उघड होतं.

मग ९ डिसेंबरला जे झालं, त्याला नाटकच म्हणावं लागेल. अलेक्झांडर किल्ड्रमीच्या दरवाजापुढे उभा राहिला आणि किल्ला, त्यातले दस्तऐवज आणि सामानसुमान त्याने इझाबेलाच्या स्वाधीन केलं. किल्ल्या तिच्या हातात दिल्या. साक्षीला बिशप आणि आसपासचे मानकरी. मग त्या किल्ल्या हातात असताना, ‘स्वखुशीने’, तिने त्याला नवरा म्हणून पत्करलं. नव्या सनदेत एक कलम बदललं. दोघांना संतती झाली नाही, तर मार इझाबेलाच्याच रक्ताच्या वारसांकडे जाईल. जानेवारी १४०५ मध्ये राजाने ती मंजूर केली. बाईच्या मनात काय होतं, ते कागद सांगत नाही. पण ऑगस्टच्या आणि डिसेंबरच्या सनदेत फरक पडला तो नेमका वारसाच्या कलमात, आणि तो तिच्या माहेरच्या बाजूने पडला. हा आग्रह तिचाच असणार, असं मला वाटतं.

अलेक्झांडर पुढे चांगला अर्ल निघाला, हेही सांगायला हवं. १४११ च्या हार्लॉच्या लढाईत त्याने पश्चिमेकडच्या बेटांच्या अधिपतीला अडवलं. पण वारसाचं कलम त्याला खुपत राहिलं असावं. इझाबेला वारल्यावर, १४२६ मध्ये, त्याने मार जेम्स राजाच्या हवाली केलं आणि नव्याने लिहून घेतलं : आधी आपण, मग आपला अनौरस मुलगा, आणि तो वंश संपला तर राजा. जे आपलं केवळ हयातीपुरतं होतं ते त्याने कायमचं देऊन टाकलं. मुलगा बापाआधीच गेला. १४३५ मध्ये अलेक्झांडर मेला, तेव्हा राजाने मार खालसा केलं.

इझाबेलाच्या रक्ताचे खरे वारस होते अर्स्किन, मारच्याच एका लेकीचे वंशज. त्यांनी दावा लावला, १४३८ मध्ये रॉबर्ट अर्स्किनला वारस म्हणून मान्यताही मिळाली. पण १४५७ मध्ये अबर्डीनला खुद्द राजासमोर पंच बसले आणि त्यांनी ती मान्यता उलटवली. राजाच दावेदार असल्यावर पंचांनी काय करावं? त्यानंतर शंभरेक वर्षं राजे मार आपल्या मुलांना, भावांना आणि मर्जीतल्या माणसांना वाटत राहिले. १५६५ च्या जूनमध्ये राणी मेरीने जॉन अर्स्किनच्या नावे सनद काढली आणि घराण्यावर झालेला अन्याय दूर करत असल्याचं तीत म्हटलं. वारस फक्त पुरुष असावेत असं तीत कुठेही नाही. पुढच्याच महिन्यात राणीचं डार्न्लीशी लग्न झालं आणि तेव्हापासून अर्स्किन कागदोपत्री मारचा अर्ल म्हणवू लागला. पुढे तो राज्याचा रीजंट झाला. १६०६ मध्ये अर्लांचा मानक्रम ठरला तेव्हा १५६५ च्या आधी निर्माण झालेल्या कित्येक अर्लांच्या वर मारला बसवलं. म्हणजे पदवी जुनीच आहे, असं त्या काळच्या लोकांनी मानलं होतं.

१७१५ च्या जॅकोबाइट बंडाचा म्होरक्या होता मारचाच अर्ल. बंड फसलं, पदवी गेली. १८२४ मध्ये ती परत मिळाली ती त्याच्या नातवाला, आणि तो नातू मुलीकडून होता. पुढच्या भांडणात हा पुरावा हातात होता, तरी न्यायाधीशांनी तो बाजूला सारला.

भांडण पेटलं १८६६ मध्ये. मार आणि केली ही दोन्ही अर्लपदं तोवर एकाच माणसाकडे आली होती. तो निपुत्रिक वारला. केलीचं पद १६१९ चं, ते निर्विवाद पुरुषवंशाचं, म्हणून चुलतभाऊ वॉल्टर अर्स्किनला मिळालं. मार मात्र बहिणीचा मुलगा जॉन गुडीव्ह याने धारण केलं, आडनावाला अर्स्किन जोडलं, आणि सगळ्यांनी त्याला मारचा अर्ल मानलंही. १८६७ मध्ये वॉल्टरने मारवरही दावा लावला.

हा वॉल्टर मराठी वाचकाला परका नाही. सागर-नर्मदा प्रांताचा कमिशनर मेजर अर्स्किन तो हाच. जून १८५७ मध्ये झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंनी बंडाची हकीकत कळवणारी पत्रं त्याच्याच नावे जबलपूरला धाडली होती, आणि इंग्रज अधिकारी येईपर्यंत झाशीचा कारभार पाहण्याविषयी त्यानेच राणींना कळवलं होतं. दामोदररावाचं दत्तकविधान नामंजूर करून झाशी खालसा करणाऱ्या कंपनीचा हा नोकर. दहा वर्षांनी तो स्वतःच वारसाहक्काचा अर्ज घेऊन लॉर्ड्ससमोर उभा होता. आपल्या मुलखातला वारसा कसा चालतो याचा खल तिथे आठ वर्षं चालला. झाशीच्या वाट्याला तेवढा खल कधी आला नाही.

वॉल्टर १८७२ मध्ये वारला, मुलाने दावा पुढे चालवला. १८७५ मध्ये निकाल लागला. लॉर्ड केर्न्स, चेम्सफर्ड आणि रेड्सडेल यांचं म्हणणं असं : जुनं मार १५६५ च्या आधीच नामशेष झालं होतं. म्हणून मेरीने जे दिलं ते नवंच, जूनच्या सनदेबाहेरचं अर्लपद. त्याची सनद मिळत नाही, आणि सनद नसेल तेव्हा स्कॉटिश पदवी पुरुषवंशाची मानायची हा लॉर्ड मॅन्सफील्डने अठराव्या शतकात घालून दिलेला नियम. सबब मार केलीच्या अर्लाचं. दोन न सापडणाऱ्या गोष्टी एकमेकींवर रचून हा निवाडा उभा केला होता. १६०६ चा मानक्रम, १८२४ चा कायदा, जूनची सनद, सगळं समोर असताना. माझ्या मते निवाडा साफ चुकीचा होता, आणि त्या काळच्या अनेक स्कॉटिश उमरावांचंही तेच मत होतं. क्रॉफर्डच्या अर्लाने त्यावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर, १८८२ मध्ये निघाला.

पण लॉर्ड्स सभागृहाचा निकाल फिरवणं कुणालाच परवडणारं नव्हतं. म्हणून १८८५ मध्ये पार्लमेंटने कायदा केला. १८७५ चा निकाल तसाच ठेवला, केलीच्या घराण्याकडचं १५६५ चं मार त्यांच्याकडेच राहू दिलं, आणि जुन्या मारच्या अंताविषयी शंका असल्याचं म्हणत ते मानक्रमासह गुडीव्ह-अर्स्किनला बहाल केलं. तेव्हापासून मार दोन झाली.

१९९९ मध्ये बहुतेक वंशपरंपरागत उमरावांना सभागृहातून काढलं, तेव्हा राखलेल्या ९२ जणांत काउंटेस मार्गारेट होत्या. २०२० मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या वारस म्हणून त्यांच्या मुलीचं नाव लागलेलं आहे. केलीच्या घरचं मार मुलीकडे जात नाही.