प्लेगची साथ आणि तिने शिकविलेला धडा

जुन्या पिढीतील माणसांच्या तोंडी ‘उंदीर पडले’ हे दोन शब्द आले की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राही. वळचणीला किंवा कणगीच्या आडोशाला मेलेला उंदीर दिसला की काही दिवसांतच त्या घरात कोणास तरी कडकडून ताप भरावयाचा, जांघेत अगर काखेत गाठ उठावयाची, हे लोक अनुभवाने शिकले होते. या रोगास कोणी गाठीचा ताप म्हणत, कोणी प्लेग म्हणत. आज हे शब्द आपल्या मुलाबाळांस परके झाले आहेत, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु त्या साथीने शिकविलेला धडाही विस्मृतीत जाऊ पाहत आहे. तो विसरणे आपणांस परवडणारे नाही, म्हणून या स्मरणिकेच्या द्वारे ती हकीकत आम्ही ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहो.

इ. स. १८९४ साली हाँगकाँग बंदरात प्लेग सुरू झाला, व त्याच साली तेथे येर्सिन या शास्त्रज्ञाने या रोगाचा जंतू शोधून काढला. दोन वर्षांनी रोग मुंबईस पोहोचला. तो जहाजांतील उंदरांबरोबर आला असावा असे मानतात. गोदीलगतच्या मांडवी भागात धान्याची कोठारे आणि दाटीवाटीची वस्ती. उंदरांस याहून चांगले माहेर कोणते? तेथील रोग्यांस तपासून, हा साधा ताप नसून प्लेग आहे, असे डॉ. आकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी १८९६ च्या सप्टेंबरात निर्भयपणे जाहीर केले. लोक भयभीत होऊन रेल्वेने आणि गलबतांनी लाखोंच्या संख्येने शहर सोडून गेले. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती सुमारे ८ लाख २२ हजार होती. ती १९०१ साली सुमारे ७ लाख ७६ हजारांवर आली. पळणाऱ्यांच्या गाठोड्यांतून रोगही प्रवासास निघाला, आणि पाहता पाहता तो देशभर फैलावला. पुढील काही दशकांत हिंदुस्थानात या रोगाने एक कोटीहून अधिक माणसे बळी घेतली.

सरकारने उपाय योजिले नाहीत असे नव्हे. उलट, उपायांचा अतिरेक झाला. रोग्यास सक्तीने इस्पितळात न्यावे, घरातील चीजवस्तू जाळाव्या, गटारे औषधी पाण्याने धुवावी, असा सपाटा सुरू झाला. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, अशी समजूत पसरली. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर चाल केली, तेव्हा नियम काहीसे सैल करावे लागले. पुढे फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला आणि अधिकाऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता गेली. पुण्यात प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्या अमलाखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले. देवघर व माजघर यांचा विधिनिषेध राहिला नाही, स्त्रियांची विटंबना झाली. त्या संतापाची परिणती २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळीत झाली, हे सर्वश्रुत आहे.

या प्रकरणाची राजकीय बाजू आपण शाळेत शिकतो. तिची वैद्यकीय बाजू मात्र क्वचितच कोणी सांगतो. सोजिरांच्या धाकाने लोक रोगी लपवू लागले. कोणी त्यास माळ्यावर निजवी, कोणी रातोरात परगावी हलवी, कोणी प्रेताचा गुपचूप अंत्यविधी उरकी. म्हणजे ज्या सक्तीने रोग आटोक्यात यावयाचा, तिनेच त्यास आडोसा दिला. भीती हीदेखील रोगाची वाहक ठरली.

आणि गंमत अशी की, सरकार ज्याचा पाठलाग करीत होते तो खरा गुन्हेगार नव्हताच. १८९८ च्या जून महिन्यात पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत एक साधा प्रयोग केला. काचेच्या मोठ्या बरणीत त्याने पिसवांसह एक रोगट उंदीर ठेविला आणि त्याच बरणीत, जाळीच्या आड, एक निरोगी उंदीर ठेविला. दोघांचा स्पर्श होणे शक्य नव्हते. जाळीतून पिसू तेवढी जाऊ शके. काही दिवसांनी निरोगी उंदीरही प्लेगने मेला. प्रारंभी विद्वानांनी हे मानले नाही. पुढे १९०५ च्या सुमारास डॉ. लिस्टन व परळच्या संशोधकांनी त्याची खातरजमा केली. उंदीर मेला की भुकेल्या पिसवा त्याचे थंड झालेले शरीर सोडून माणसास चावतात. पिसवेच्या अन्नमार्गात जंतूंचा बोळा बसलेला असल्याने ती रक्त शोषताना जंतूच आत ओकते. फुप्फुसाचा प्लेग मात्र खोकल्याच्या तुषारांतून माणसापासून माणसास लागतो. हे ध्यानात घेता, उंदीर पडताच गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहण्याची आपल्या खेडुतांची रीत किती शहाणपणाची होती, हे दिसून येते!

याच काळात हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. दुसऱ्यास सांगण्यापूर्वी स्वतः करून दाखविणे, याहून मोठे आश्वासन ते कोणते? तरीही १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल येथे एका बाटलीतील लसीत धनुर्वाताचे जंतू शिरून १९ माणसे दगावली. दोष हाफकिनच्या माथी मारला गेला आणि निर्दोष ठरावयास त्यास १९०७ साल उजाडावे लागले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस त्याचे नाव देण्यात आले.

आता ज्ञातिसंस्थेच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची गोष्ट सांगतो. सक्ती फसली असे दिसल्यावर मुंबईत निरनिराळ्या समाजांस आपापली प्लेग-इस्पितळे काढण्याची मुभा व उत्तेजन मिळाले. पारशी, जैन, खोजे, मेमन इत्यादी समाजांनी ती काढली. पुण्यातही लोकमान्य टिळकांनी हिंदूंसाठी इस्पितळ उभारण्यास हातभार लाविला. आपल्या माणसांचा सहवास, आपले अन्न, आपली भाषा मिळताच लोकांचा धीर वाढला. जे काम सोजिराच्या बंदुकीस जमले नाही, ते ओळखीच्या चेहऱ्याने केले. ज्ञातिसंस्थांचे हे श्रेय इतिहासाने नाकारू नये.

परंतु या चित्राची दुसरी बाजू सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. ज्यांच्या समाजापाशी पैसा नव्हता, त्यांच्यासाठी असे इस्पितळ कोण काढणार? पिसवेने तर कोणाची जात विचारली नाही. एका चाळीच्या उंदरास दुसऱ्या आळीची वेस ठाऊक नव्हती. पुण्याजवळ आपल्या डॉक्टर पुत्राच्या, यशवंतरावांच्या, रुग्णालयात सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्या सेवेतच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेविला. त्यांनी रोगी पाहिला, ज्ञाती पाहिली नाही. ज्ञातीच्या इस्पितळाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पण जो दरवाजा केवळ आपल्यांसाठी उघडतो तो रोगास बाहेर ठेवू शकत नाही, एवढे मात्र खचित.

हा इतिहास जुना झाला असे कोणी म्हणू नये. १९९४ साली सुरतेत प्लेगच्या वार्तेने लाखो लोक शहर सोडून पळाले. २०२० साली करोनाच्या साथीत तोच १८९७ चा कायदा पुनश्च अमलात आणावा लागला. आणि तेव्हाही शेजारी वाळीत टाकतील या धास्तीने ताप लपविणारी कुटुंबे आपण पाहिली. आजही आपल्या ज्ञातीत सोयरीक मोडेल या भयाने मुलीचा किंवा मुलाचा क्षय झाकून ठेविला जातो. वास्तविक साधा क्षय सहा महिने नियमित औषध घेतल्याने बरा होतो. ते औषध सरकारी केंद्रांत मोफत मिळते. आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत इतरांस लागण होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. न सांगितलेला क्षय मात्र त्या घरातील लेकरांच्या छातीत शिरतो.

यास्तव आमची ज्ञातिबंधु-भगिनींस आग्रहाची विनंती अशी की, आपल्या मंडळाने वार्षिक सभेत याविषयी स्पष्ट ठराव करावा. बरा झालेला क्षयरोगी वधू अगर वर म्हणून नाकारला जाऊ नये. मुलांच्या लसी वेळेवर टोचल्या जातात की नाही, हे पाहण्यास प्रत्येक विभागात दोन जबाबदार व्यक्ती नेमाव्यात. आणि मंडळाच्या वैद्यकीय निधीतून मदत देताना शेजारच्या गरजू रोग्याची जात विचारू नये. उंदरापासून घर, खोकल्यापासून माणसे आणि भीतीपासून मन राखले, तर साथीस आपल्या दारात उभे राहावयास जागा उरणार नाही. इत्यलम्.