आरंभ कोणता? : ‘फाउंडेशन’ मालिकेचा रचनेतिहास आणि वाचनक्रम

दीर्घ कथामालिकेचे वाचन कोठून सुरू करावे, हा प्रश्न वरकरणी सोयीचा वाटतो. वस्तुतः तो अर्थनिर्णयनाचा प्रश्न आहे. आयझॅक असिमॉव्ह यांच्या ‘फाउंडेशन’ या विज्ञानकथामालिकेचा रचनेतिहास या दृष्टीने उद्बोधक ठरतो.

गणिती हॅरी सेल्डन आकाशगंगेतील साम्राज्याचे पतन ‘मनोइतिहास’ या शास्त्राच्या आधारे वर्तवितो आणि त्यानंतरचा तीस हजार वर्षांचा अंधारकाळ एक हजार वर्षांवर आणण्याची योजना आखतो, हे या मालिकेचे मूळ सूत्र. तिच्यातील आठ कथा मे १९४२ ते जानेवारी १९५० या काळात जॉन कॅम्पबेल यांच्या संपादनाखालील ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या मासिकात प्रसिद्ध झाल्या. १९५१ ते १९५३ या वर्षांत त्यांची तीन पुस्तके निघाली, तेव्हा पहिल्या पुस्तकाच्या आरंभी सेल्डनवरील खटल्याचे प्रकरण नव्याने लिहून घालण्यात आले. शिवाय ऑक्टोबर १९४४ मध्ये छापलेली एक कथा ऑगस्ट १९४४ मधील कथेच्या आधी ठेवण्यात आली. म्हणजे आज मूळ मानला जाणारा आरंभही उत्तरकालीनच आहे.

पुढे १९८२ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली. १९८५ च्या ‘रोबॉट्स अँड एम्पायर’ या कादंबरीने यंत्रमानवांच्या स्वतंत्र कथाविश्वाचा धागा तिला जोडला. १९८८ च्या ‘प्रील्यूड टू फाउंडेशन’मध्ये सेल्डनचे तारुण्य आले आणि त्याच पुस्तकाच्या प्रास्ताविक टिपेत असिमॉव्ह यांनी चौदा पुस्तकांची कथाकालानुसारी यादी दिली. त्या यादीत यंत्रमानवकथा सर्वप्रथम आणि ‘प्रील्यूड’ हे १९५१ च्या ‘फाउंडेशन’आधी येते.

ही यादी लेखकाचीच असल्याने ती निर्णायक मानावी काय? घटनांचा मूळ क्रम आणि कथनातील त्यांची मांडणी यांत रशियन रूपवाद्यांनी केलेला भेद येथे उपयोगी पडतो. ‘फाउंडेशन’मध्ये सेल्डन पहिल्या प्रकरणानंतर जिवंत पात्र म्हणून उरत नाही, तो अधूनमधून ध्वनिचित्रमुद्रित प्रतिमेच्या रूपाने प्रकटतो. या अनुपस्थितीमुळेच इतिहासाची गती व्यक्तिनिरपेक्ष आहे, ही कल्पना वाचकाच्या मनावर ठसते. योजना वारंवार यशस्वी होताना पाहिल्यावरच १९४५ च्या ‘म्यूल’ या कथेत एका अनपेक्षित व्यक्तीने ती उधळणे अर्थपूर्ण होते. ‘प्रील्यूड’ने आरंभ करणाऱ्या वाचकापुढे मात्र सेल्डन प्रथमपासूनच नायक म्हणून उभा राहतो आणि समूहाच्या इतिहासाला चरित्राची चौकट लाभते. शिवाय डॅनिएल या यंत्रमानवाचे गुप्त कार्य त्याला आधीच कळते; साहजिकच १९८६ च्या ‘फाउंडेशन अँड अर्थ’च्या शेवटी होणारे रहस्योद्घाटन निष्प्रभ ठरते.

तात्पर्य, कथाकालानुसारी क्रम हे उत्तरायुष्यातील असिमॉव्ह यांनी स्वतःच्याच पूर्वलेखनाचे केलेले पुनर्वाचन होय. पुनर्वाचनाला आधी एक वाचन घडलेले असावे लागते. म्हणून नव्या वाचकाने १९५१ च्या ‘फाउंडेशन’पासून आरंभ करून तीन पुस्तके प्रकाशनक्रमाने वाचणे, तर अभ्यासकाने त्यानंतर लेखकाची यादी हाती घेणे अधिक सयुक्तिक ठरते. व्यक्तिनिरपेक्ष इतिहासाची कल्पना घेऊन निघालेला लेखक चार दशकांनंतर एका व्यक्तीच्या चरित्राकडे का वळला, हा या मालिकेतील कळीचा प्रश्न आहे. आणि तो याच क्रमाने वाचणाऱ्याला पडू शकतो.